खडकवासल्याची वाट : एनडीएत जाणाऱ्या मुला-मुलीच्या पाठीशी घरानं कसं उभं राहावं

यूपीएससीच्या यादीत नाव लागलं की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते, मशिदीबाहेर गळाभेटी होतात, जमातीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरतो. त्यानंतर मुलगा किंवा मुलगी लोखंडी ट्रंक घेऊन खडकवासल्याला जाते आणि घर शांत होतं. पुढची तीन वर्षं काय असतात, घराकडून काय लागतं, कुठे पैसा लागतो, कुठे सही करावी लागते, कुठे गप्प बसावं आणि कुठे बोलावं, हे सांगणारं माणूस आपल्या ओळखीत सहसा नसतं. ज्यांच्या घरात आधीपासून फौजी आहेत त्यांना हे सगळं जेवताना ऐकून माहीत असतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातला हा पहिलाच असतो.

हा लेख त्या पहिल्या घरासाठी आहे. मुलाची मेहनत मुलगाच करणार, पण ज्या घराला आधीपासून सगळं माहीत असतं ते घर ऐनवेळी घाबरत नाही. आणि घर घाबरलं नाही, तर मूल टिकतं.

एनडीए म्हणजे नेमकं काय?

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच एनडीए, पुण्याजवळ खडकवासला इथे आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची पायाभरणी झाली आणि जानेवारी १९५५ मध्ये औपचारिक उद्घाटन. भूदल, नौदल आणि हवाई दल अशा तिन्ही दलांचे भावी अधिकारी इथे एकत्र शिकतात. तिच्या मुख्य इमारतीचं नाव ‘सुदान ब्लॉक’. दुसऱ्या महायुद्धात सुदानमध्ये लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ त्या देशाने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा, सहा टर्मचा. सकाळी कवायत आणि पीटी, मग वर्ग, दुपारनंतर खेळ, रात्री अभ्यास. सोबत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. तीन वर्षांनंतर लगेच अधिकारी होत नाहीत. भूदलाचे कॅडेट डेहराडूनच्या आयएमएत, नौदलाचे केरळातल्या एझिमला इथे आणि हवाई दलाचे हैदराबादजवळ डुंडिगल इथे जातात. तिथलं वर्ष-दीड वर्षाचं प्रशिक्षण पूर्ण झालं की खांद्यावर तारे लागतात. म्हणजे बारावीनंतर साधारण चार ते साडेचार वर्षं. घराने हिशेब याच मुदतीचा धरावा.

धर्म किंवा जातीवर इथे आरक्षण नाही. सगळ्यांना एकच परीक्षा, एकच मुलाखत, एकच गुणवत्ता यादी.

तयारी कधीपासून?

अभ्यासक्रम सुरू होताना वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षं असावं लागतं. नेमक्या जन्मतारखा दर अधिसूचनेत छापलेल्या असतात. बारावी उत्तीर्ण किंवा बारावीला बसलेला उमेदवार चालतो. भूदलासाठी कुठलीही शाखा चालते. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. त्यामुळे खरा निर्णय दहावीच्या निकालानंतर होतो. अकरावीला गणित सोडलं तर दोन दलांचे दरवाजे बंद होतात. आणि लेखी परीक्षेत गणिताचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो, कला शाखेच्या मुलालाही.

महाराष्ट्रात लहान वयापासूनची सोय आहे. सातारा सैनिक स्कूल १९६१ पासून चालू आहे, चंद्रपूरला २०१९ पासून. प्रवेश सहावीत आणि नववीत, त्यासाठी अखिल भारतीय प्रवेश परीक्षा. आता मुलींनाही प्रवेश मिळतो. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था, जिला सगळे एसपीआय म्हणतात, ती १९७७ पासून राज्य शासन चालवतं. अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी एकत्र होते. मुलींसाठी अशीच संस्था आता नाशिकला आहे. दहावीच्या वर्षातच या प्रवेशांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. बरीच घरं इथेच चुकतात, निकाल लागल्यावर चौकशी करतात आणि तारीख गेलेली असते.

उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी

एनडीएचा पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो. उर्दू किंवा मराठीत नाही. सामान्य क्षमता चाचणीत इंग्रजी भाषेचा २०० गुणांचा भाग आहे आणि तो टाळता येत नाही. प्रबोधिनीतलं शिक्षणही इंग्रजीत. म्हणून उर्दू शाळेतल्या मुलाने आठवी-नववीपासून गणित आणि विज्ञानातले इंग्रजी शब्द सोबत लिहायची सवय लावावी. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र, त्यातल्या एका बातमीवर पाच मिनिटं मोठ्यानं बोलणं. घरात कुणाला इंग्रजी येत नसलं तरी अम्मीने समोर बसून ऐकावं. चूक काढायची गरज नाही, मुलाची बोलायची भीड गेली पाहिजे.

लेखी परीक्षा आणि एसएसबी

यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुण, दोन्ही पेपर अडीच-अडीच तासांचे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, त्यामुळे अंदाजपंचे उत्तरं देणाऱ्याचं नुकसान होतं. अर्जाची फी १०० रुपये. मुलींना ती माफ आहे. एका परीक्षेतून साधारण ४०० जागा भरतात आणि अर्ज लाखांनी येतात. हे प्रमाण मुलाला आणि नातेवाईकांना आधीच माहीत असलेलं बरं.

लेखीत पास झालेल्यांना एसएसबीचं बोलावणं येतं. ही पाच दिवसांची निवड प्रक्रिया, तीही ९०० गुणांची, म्हणजे लेखीइतकीच वजनदार. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी आणि चित्र पाहून गोष्ट लिहून त्यावर गटचर्चा. त्यातून बरेच जण त्याच दिवशी घरी परततात. उरलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी, मैदानावरची गटकामं आणि मुलाखत होते. केंद्रं भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज, जालंधर, म्हैसूर, गांधीनगर, डेहराडून अशा शहरांत आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्या उमेदवाराला रेल्वेचं एसी थ्री-टियरचं येण्या-जाण्याचं भाडं मिळतं. तिकीट जपून ठेवायला सांगा.

एसएसबीत घराबद्दल हमखास विचारतात. वडील काय करतात, घरात निर्णय कोण घेतं, बहिणीचं शिक्षण किती, पैशाची अडचण आली तेव्हा तू काय केलंस. वडील रिक्षा चालवत असतील, मटणाचं दुकान असेल, आखातात मजुरी करत असतील, तर तसंच सांगायचं. लपवलेली गोष्ट तिथे लगेच कळते आणि खरं सांगणाऱ्याचं काही बिघडत नाही. तिथे अधिकाऱ्याला लागणारे १५ गुण तपासतात. त्यात जबाबदारी घेणं, इतरांना सोबत नेणं, संकटात डोकं शांत ठेवणं या गोष्टी येतात. त्या क्लासमध्ये कमी आणि घरात जास्त घडतात. ज्या मुलाला बँकेचं काम, आजारी दादीला दवाखान्यात नेणं, लहान भावाचा अभ्यास अशी कामं दिलेली असतात, त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो’ असं म्हणणारे अम्मी-अब्बा प्रेमापोटी बोलतात, पण मुलाचं नुकसान करतात.

एसएसबीची विनामूल्य तयारी करून घेणारं राज्य शासनाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. त्याची चौकशी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात होते. हजारो रुपयांचा खासगी क्लास लावण्याआधी तिथे जाऊन या.

कागदपत्रं : नावाची भानगड आधी मिटवा

आपल्या घरांत ही अडचण फार येते. शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’, आधारवर ‘मोहम्मद’, दहावीच्या मार्कशीटवर नुसतं ‘मो.’. कुठे ‘शेख’ आडनाव शेवटी, कुठे सुरुवातीला. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. शाळेत हे खपून जातं. इथे खपत नाही.

जन्मतारखेसाठी यूपीएससी दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीखच धरतं. म्हणून दहावीचा फॉर्म भरतानाच नाव आणि तारीख नीट तपासा. नंतर बोर्डाकडून दुरुस्ती करून घ्यायला महिने जातात. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, जन्मदाखला आणि डोमिसाईल या चारही कागदांवर नावाचं एकच स्पेलिंग हवं. जिथे फरक राहिला असेल तिथे राजपत्रातली दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र अर्ज भरण्याआधीच तयार ठेवा. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीही होते. ती सगळ्यांचीच होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र मुलाच्या सोशल मीडियावर कुणाचेही भडक मेसेज न वाचता पुढे ढकललेले असू नयेत, हे अब्बांनी एकदा शांतपणे समजावून सांगावं.

वैद्यकीय तपासणी

एसएसबीतून निवड झाल्यावर लष्करी रुग्णालयात तपासणी होते. कानातला मळ, नाकाचं वाकडं हाड, किडलेले दात, वाढलेलं वजन अशा साध्या गोष्टींवर मुलं अडकतात. ही दुरुस्ती आधीच करून घेता येते. अर्ज भरण्याआधी डोळे, रंगदृष्टी, कान, दात आणि गुडघे एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवा. पहिल्या तपासणीत अपात्र ठरवलं तर अपीलची सोय आहे. त्याची मुदत कमी असते, म्हणून अपात्रतेचं कारण लेखी घेऊन लगेच तज्ज्ञाकडे जा.

पैसा किती लागतो?

एनडीएत फी नाही. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, उपचार यांचा खर्च सरकार करतं. तरीही प्रवेशाच्या वेळी पालकांना काही रक्कम भरावी लागते. त्यात मुलाचा पहिल्या काही महिन्यांचा हातखर्च, काही कपडे आणि सामान, आणि गट विम्याचा हप्ता असतो. नेमका आकडा प्रवेशपत्रासोबतच्या सूचनांत छापलेला असतो आणि तो काही हजारांत असतो. निवडीची यादी आणि रुजू होण्याची तारीख यांच्यात फार दिवस नसतात, त्यामुळे ऐनवेळी दागिने गहाण ठेवण्यापेक्षा एसएसबीपासूनच थोडे पैसे बाजूला काढा. तीन वर्षांत घरचा हातखर्च चालूच राहतो, कारण एनडीएत कॅडेटला पगार मिळत नाही. शेवटच्या टप्प्यात, आयएमएसारख्या अकादमीत गेल्यावर, दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन सुरू होतं.

ज्यांना हा खर्चही झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारी मदत आहे आणि ती फार कमी घरांना माहीत असते. यूपीएससीच्या अधिसूचनेत यासाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा दरमहा २१ हजार रुपये दिलेली आहे. अर्ज करताना चालू अधिसूचनेतला आकडा पाहून घ्या. अंतिम निवड झाल्याबरोबर पालकांनी आपल्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत एनडीएच्या कमांडंटकडे अर्ज करायचा असतो. उत्पन्नाचा दाखला त्याआधी हातात हवा. तहसील कार्यालयाच्या फेऱ्या लक्षात घेता तो एसएसबीच्या काळातच काढून ठेवा.

बॉण्ड : सही करण्याआधी वाचा

रुजू होताना पालकांना काही कागदांवर सही करावी लागते. त्यातल्या दोन गोष्टी समजून घ्या. एक, प्रशिक्षणात दुखापत झाली किंवा जिवावर बेतलं तर त्याबद्दल सरकारकडून भरपाईचा हक्क सांगता येणार नाही, हे पालकांना मान्य असल्याचं प्रमाणपत्र. दोन, कॅडेटने स्वतःच्या हातातल्या कारणाने प्रशिक्षण मध्येच सोडलं किंवा शेवटी कमिशन घ्यायला नकार दिला, तर झालेला खर्च परत करावा लागेल असा बॉण्ड.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेलं नाही. पण इंग्रजी कागदावर न वाचता अंगठा किंवा सही करून नंतर ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. मोहल्ल्यातल्या वकिलाकडून किंवा शिकलेल्या भाच्याकडून तो कागद ओळीने वाचून घ्या, मुलालाही सोबत बसवा. आणि त्याच बैठकीत त्याला एकदा मनापासून विचारा, ‘बेटा, तुला जायचंय की आम्हाला वाटतं म्हणून चाललायस?’ हा प्रश्न पहिल्या टर्ममध्ये विचारण्यापेक्षा इथे विचारलेला बरा.

पहिली टर्म आणि तो फोन

पहिली टर्म सगळ्यात अवघड असते. केस बारीक कापले जातात. पहाटेपासून धावपळ, प्रत्येक ठिकाणी पळत जायचं, सायकलसुद्धा रांगेत. सीनियर्सचा धाक. कवायतीची परीक्षा पास होईपर्यंत बाहेर फिरायला सुट्टी नाही. पोहणं येत नसेल तर शिकावंच लागतं. फोन मोजका. कॅडेट एकूण १८ स्क्वाड्रनमध्ये विभागलेले असतात आणि आपलं स्क्वाड्रन हेच त्याचं नवं घर असतं.

मग एका रात्री फोन येतो. आवाज बसलेला असतो. ‘अम्मी, माझ्याच्यानं नाही होत. मला घरी न्या.’

या फोनला काय उत्तर द्यायचं, हे आधी ठरवून ठेवा. दोन उत्तरं टाळायची. ‘लगेच निघून ये’ हे एक. रात्रीच्या थकव्यात घेतलेला निर्णय सकाळी बदलतो आणि मागे बॉण्ड उभा असतो. ‘लोक काय म्हणतील, आमची मान खाली घालू नकोस’ हे दुसरं. असं ऐकलेलं मूल पुढच्या वेळी फोनच करत नाही, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

त्यापेक्षा आधी पूर्ण ऐका. मग विचारा : जेवतोस का? झोप किती? दुखतंय का कुठे? कुणी मारहाण केली का? सोबत कोण आहे? त्याला एवढंच सांगा की ही टर्म पुरी कर, सुट्टीत घरी ये, मग समोरासमोर बसून बोलू, दार उघडंच आहे. बहुतेक मुलं सुट्टीत घरी येतात, दोन दिवस झोपतात, बिर्याणीवर ताव मारतात आणि तारखेच्या आदल्या दिवशी स्वतःच ट्रंक भरतात.

मात्र थकवा आणि त्रास यांतला फरक ओळखा. घराची आठवण, अंगदुखी, शिक्षा म्हणून मारलेल्या फेऱ्या हे प्रशिक्षणाचं अंग आहे. पण दुखापत लपवली जात असेल, लघवीतून रक्त, सतत ताप, ‘जगावंसं वाटत नाही’ असे शब्द, किंवा शारीरिक छळ असेल तर गप्प बसायचं नाही. स्क्वाड्रनमध्ये डिव्हिजनल ऑफिसर आणि स्क्वाड्रन कमांडर असतात. त्यांचा संपर्क पहिल्याच दिवशी लिहून घ्या आणि गरज पडली तर थेट, शांतपणे, नेमकं काय घडलं ते सांगा. ओळखीच्या नेत्याकडून दबाव आणायला जाऊ नका.

रेलिगेशन म्हणजे काय?

अभ्यास, पीटी, पोहणं, शिस्त किंवा आजारपण यांपैकी कशात मागे पडल्यास कॅडेटला एक टर्म मागे बसवतात. याला रेलिगेशन म्हणतात. म्हणजे सहा महिने जास्त. नातेवाइकांना हे ‘नापास’ वाटतं. पण मागे राहिलेले कितीतरी जण पुढे उत्तम अधिकारी होतात. वारंवार तसं झालं तर मात्र प्रबोधिनी सोडावी लागते. बातमी कळल्यावर पहिलं वाक्य ‘असं कसं झालं?’ नको. ‘कशात कमी पडलं, आता काय करायचं?’ हे विचारा. आणि खालाजान, चाचा, शेजारी यांना तारखा सांगताना ‘इन्शाअल्लाह, झालं की कळवू’ एवढंच बोला. मुलावरचं ओझं त्यानेच अर्धं होतं.

दुखापत झाली तर

हाड मोडणं, गुडघा निकामी होणं, डोक्याला मार, हे घडतं. गंभीर अपंगत्व आलं तर वैद्यकीय कारणाने बाहेर काढतात, त्याला ‘बोर्ड आउट’ म्हणतात. अशा कॅडेट्सना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्या घरच्यांनी स्वतःच्या खर्चाने उपचार केले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने अशा कॅडेट्सना माजी सैनिकांच्या ईसीएचएस वैद्यकीय योजनेचा लाभ द्यायला मंजुरी दिली. अपंगत्वाच्या प्रमाणात मासिक अनुग्रह रक्कमही असते. म्हणून कुठलीही दुखापत रुग्णालयाच्या कागदावर यायलाच हवी. ‘सर, काही नाही झालं’ म्हणून लंगडत पळणाऱ्या मुलाला हे घरूनच सांगितलेलं असावं. कागदपत्रांच्या प्रती घरी ठेवा.

मुलीच्या घरासाठी

१८ ऑगस्ट २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली. पहिल्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ रोजी मुलांसोबत दीक्षांत संचलन करून बाहेर पडल्या. म्हणजे हा रस्ता आता नुसता कागदावर राहिलेला नाही.

मुलीच्या बाबतीत घराची कसोटी वेगळी. उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि संपूर्ण प्रशिक्षण होईपर्यंत लग्न करता येत नाही. केलं तर बाहेर पडावं लागतं. हा नियम मुलांनाही आहे, पण आपल्याकडे घाई मुलीच्याच लग्नाची असते. एकोणिसाव्या वर्षी ‘चांगलं स्थळ आलंय’ म्हणून सुट्टीत बोलणी सुरू करणार असाल तर तिला पाठवूच नका. आणि पाठवलंत तर साडेचार वर्षं तो विषय काढू नका. गणवेश सगळ्यांना सारखा, पोहणं, धावणं, घोडेस्वारी सगळ्यांना. याबद्दल घरात मोकळेपणी बोलून तिचं आणि तुमचं मन आधीच ठरलेलं असावं. मे २०२५ मध्ये देशाने टीव्हीवर कर्नल सोफिया कुरेशी यांना पाहिलं. त्या एनडीएतून नव्हे, चेन्नईच्या ओटीएतून आल्या. तेव्हा मुलींना एनडीएचा मार्ग नव्हता. आता तो आहे.

नमाज, रोजा, जेवण, दाढी

हे प्रश्न प्रत्येक घरात येतात, फक्त मोठ्यानं विचारले जात नाहीत.

सैन्यात सगळ्या धर्मांच्या प्रार्थनेला मान आहे. पलटणींत सर्वधर्मस्थळ असतं आणि भूदलात धर्मशिक्षक म्हणून मौलवींचीही भरती होते. पण कॅडेटचा दिवस मिनिटावर बांधलेला असतो, वेळापत्रक नमाजसाठी थांबत नाही. रमजानमध्येही पीटी आणि कवायत चालू असते. सफर, आजार, मशक्कत अशा वेळी शरीयतने काय सवलत दिली आहे, कजा कशी करायची, हे मुलाने जाण्याआधी जाणत्या आलिमांकडून नीट समजून घ्यावं. उपाशीपोटी दहा किलोमीटर धावून चक्कर येऊन पडण्यापेक्षा हे बरं. रोजे ठेवायचेच असतील तर डिव्हिजनल ऑफिसरला आधी सांगावं. ईदला सुट्टी मिळेलच असं नाही. त्या दिवशी फोनवर रडू नका, शीरखुर्म्याचा डबा सुट्टीत खाऊ घाला.

मेसमध्ये शाकाहारी जेवण असतंच, त्यामुळे मांसाबद्दल शंका असेल तर पर्याय आहे. पुढे अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये दारू असते, पण पिण्याची सक्ती नसते. ग्लासात सरबत घेऊन उभं राहणारे अधिकारी भरपूर आहेत. दाढीबाबत एनडीएत गुळगुळीत दाढी हाच नियम. हवाई दलातल्या दाढीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दलाचा नियम कायम ठेवला. घराला हे मान्य नसेल तर निर्णय अर्ज भरण्याआधी घ्यावा.

आणि ‘तिथे आपल्या मुलाला वेगळं वागवतील का?’ या भीतीबद्दल. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगड इथे शहीद झाले, त्यांना महावीर चक्र मिळालं. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ हवाई दलाचे प्रमुख होते आणि नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. लेफ्टनंट जनरल जमीरुद्दीन शाह भूदलाचे उपप्रमुख झाले. कुणी एखादं वाकडं बोलणार नाही अशी हमी कुठल्याही संस्थेत देता येत नाही. पण स्क्वाड्रनमध्ये माणूस ओळखला जातो तो धावण्यात कोण मागे पडलेल्याची बॅग उचलतं यावरून.

निवड झाली नाही तर

जागा कमी, मुलं लाखो. त्यामुळे बहुतेक घरांना हा परिच्छेदच लागणार आहे. बारावीनंतर गणित-विज्ञानवाल्यांना जेईई मेनच्या आधारे भूदलाची टीईएस योजना आहे. पदवीनंतर सीडीएस आणि हवाई दलाची एफकॅट आहे. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर वेगळी प्रवेश योजना आहे. नीट दिलेल्यांसाठी पुण्याचं एएफएमसी आहे. म्हणून एनडीएची तयारी करताना बारावीचा अभ्यास आणि पदवीचा प्रवेश सोडू नका, कॉलेजात एनसीसी घ्या. एसएसबीतून दोनदा परत आलेला मुलगा तिसऱ्यांदा निवडला गेल्याची उदाहरणं खूप आहेत. आणि अजिबात नाही झालं तरी गणित, इंग्रजी, पहाटे उठणं आणि चार लोकांत बोलणं हे त्याच्याजवळ राहतंच.

फ्रिजवर लावायची यादी

– दहावीचा फॉर्म भरताना नाव आणि जन्मतारीख तपासणं.
– अकरावीला गणित ठेवणं. तिन्ही दलं हवी असतील तर भौतिक आणि रसायनही.
– चारही कागदांवर नावाचं एकच स्पेलिंग.
– अर्जाआधी डोळे, कान, दात, गुडघे यांची तपासणी.
– एसएसबीच्या काळात उत्पन्नाचा दाखला आणि काही हजार रुपये बाजूला.
– बॉण्ड आणि प्रमाणपत्र मुलासोबत बसून वाचणं.
– स्क्वाड्रन कमांडर आणि डिव्हिजनल ऑफिसरचा संपर्क लिहून ठेवणं.
– रात्रीच्या फोनला द्यायचं उत्तर अम्मी-अब्बांनी आधी ठरवणं, दोघांचं एकच.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तीन वर्षांत मुलाला प्रशिक्षण द्यायला तिथे उस्ताद आहेत, अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. ‘काहीही झालं तरी तू आमचाच आहेस’ हे सांगणारं मात्र फक्त घर आहे. ते त्याला निघण्याच्या दिवशी, ट्रंकेला कुलूप लावताना, एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. बाकी दुआ आहेतच.